नाव कुणी जुळवलं?

पीएचपीत कॉन्स्टंट वापरायचा म्हणजे त्याचं नाव कोडमध्ये जसंच्या तसं लिहायचं, एवढंच. अडचण येते ती नाव आधीपासून हातात नसतं तेव्हा. अर्धं नाव सेटिंगमधून येतं, अर्धं आपल्याला ठाऊक असतं आणि प्रोग्रॅम चालू असताना दोन्ही तुकडे जोडले की पूर्ण नाव तयार होतं. अशा वेळी ४.०.४ या आवृत्तीपासून असलेलं कॉन्स्टंट() हे फंक्शन कामी येतं. त्याला नावाची स्ट्रिंग द्यायची, ते व्हॅल्यू परत देतं. क्लासमधला कॉन्स्टंट हवा असेल तर क्लासचं नाव, दोन कोलन आणि कॉन्स्टंटचं नाव अशी एकच स्ट्रिंग द्यायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ८.३ ने तर क्लासच्या कॉन्स्टंटसाठी स्वतंत्र लेखनपद्धतच दिली.

सोय जुनी आहे आणि तिच्यावरचा वादही तितकाच जुना. मी तो इथे एका बहीण-भावाच्या तोंडी घातला आहे. दोघंही पीएचपीत काम करतात. ताईच्या वाट्याला बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहून सोडलेला कोड येतो. भाऊ नवं लिहितो आणि कमीत कमी ओळींत लिहितो. वादाचं निमित्त वर्डप्रेसचं एक प्लगिन. वर्डप्रेसमध्ये मिनिट, तास, दिवस, आठवडा, महिना आणि वर्ष यांचे सेकंद सांगणारे सहा कॉन्स्टंट तयार मिळतात. मिनिट_इन_सेकंड्स म्हणजे ६०, अवर_इन_सेकंड्स म्हणजे ३,६००, डे_इन_सेकंड्स म्हणजे ८६,४००, असे.

भाऊ : ताई, ही ओळ बघ. सेटिंगच्या पानावर दोन रकाने आहेत. एकात आकडा, दुसऱ्यात एकक. कॅशे किती वेळ ठेवायचा ते साइट चालवणारा ठरवतो. मी एककाचा शब्द कॅपिटल करतो, पुढे ‘_इन_सेकंड्स’ जोडतो, कॉन्स्टंट()ला देतो आणि आकड्याने गुणतो. एका ओळीत काम संपलं. नाहीतर सहा फांद्यांचा स्विच लिहीत बसलो असतो.

ताई : ओळ छोटी आहे, मान्य. आता मला सांग, अवर_इन_सेकंड्स कुठेकुठे वापरलंय ते मी एडिटरमध्ये शोधलं, तर ही ओळ सापडेल का?

भाऊ : नाही सापडणार. पण तो वर्डप्रेसचा कॉन्स्टंट आहे, तो कुठे पळून जातोय?

ताई : तो नाही जाणार, पण हीच सवय पुढे आपल्या स्वतःच्या कॉन्स्टंटनाही लागते. माझ्याकडे आलेल्या एका कामात रिपोर्टच्या क्लासमध्ये ढीगभर कॉन्स्टंट होते. त्यातले निम्मे एडिटर ‘कुठेच वापर नाही’ म्हणून करडे दाखवायचा. माझ्या आधीच्या माणसाने साफसफाई म्हणून ते काढून टाकले. चुकलं कुठे त्याचं? त्याने शोध घेतला होता, काही सापडलं नव्हतं. प्रत्यक्षात ‘टेम्प्लेट_’ला डेटाबेसमधला एक शब्द जोडून ते सगळे वापरले जात होते. रोजचे रिपोर्ट चालू राहिले म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मार्चअखेरचा रिपोर्ट काढायला गेले तेव्हा पान कोसळलं.

भाऊ : तिथे चाचण्या नव्हत्या, हा दोष कॉन्स्टंट()चा कसा?

ताई : चाचण्या असत्या तर वाचलो असतो, खरंय. पण नाव शोधता येणं ही चाचणीच्याही आधीची गोष्ट आहे. कोड वाचणाऱ्याकडे पहिलं हत्यार तेच असतं. तू ते काढून घेतोस आणि म्हणतोस, दुसरं हत्यार ठेवायचं होतं ना!

भाऊ : बरं. पण नाव चुकलं तर कळतं की. ८.० पासून नसलेला कॉन्स्टंट मागितला तर सरळ एरर फेकला जातो.

ताई : तुझं प्लगिन फक्त ८.० वर चालणार आहे का?

भाऊ : नाही. ज्यांच्यासाठी करतोय त्यांच्या काही साइट अजून ७.४ वर आहेत.

ताई : ७.४ च्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबल्या, तरी साइट तिथेच. ठीक आहे, वस्तुस्थिती आहे. मग ७.४ वर काय होतं ते पायरीपायरीने बघू. समज, सेटिंगमध्ये ‘अवर’ऐवजी अनेकवचनी ‘अवर्स’ साठवलं गेलं.

भाऊ : मग नाव झालं अवर्स_इन_सेकंड्स. असा कॉन्स्टंट नाही. ७.४ एक वॉर्निंग देणार आणि नल परत करणार.

ताई : वॉर्निंग दिसणार कुणाला? चालू साइटवर ती लॉगमध्ये जाते. पुढे?

भाऊ : पाच गुणिले नल... शून्य.

ताई : आणि कॅशे साठवणाऱ्या सेट_ट्रान्झियंटला मुदत म्हणून शून्य दिलं की वर्डप्रेस त्याचा अर्थ काय घेतं?

भाऊ : मुदतच नाही. कधीच संपणार नाही.

ताई : म्हणजे पाच तासांसाठी ठेवायचा कॅशे कायमचा झाला. वेगळा ऑब्जेक्ट कॅशे नसेल तर अशी बिनमुदतीची नोंद ऑटोलोडमध्ये जाते, दर पानाबरोबर डेटाबेसमधून उचलली जाते. साइट बंद पडत नाही, पांढरं पान येत नाही. फक्त जुने भाव, जुन्या बातम्या, जुना साठा दिसत राहतो. असा बिघाड शोधायला गेलं तर माणूस कॅशेच्या प्लगिनवर संशय घेईल, होस्टिंगवर घेईल, ब्राउझरवर घेईल. एका ‘स’वर कुणाचाही संशय जाणार नाही.

या ठिकाणी माझं मत पूर्णपणे ताईच्या बाजूला झुकतं. नाव चुकल्यावर प्रोग्रॅम थांबला तर दुखतं, पण कळतं. जुन्या पीएचपीचा स्वभाव चूक पोटात घालून पुढे जायचा होता. कोडमध्ये अवतरणाशिवाय लिहिलेला अनोळखी शब्द ती स्ट्रिंग समजून चालवून घ्यायची आणि वर एक नोटीस द्यायची, ७.२ मध्ये त्या नोटिशीची वॉर्निंग झाली आणि ८.० मध्ये त्याचा एरर झाला. कॉन्स्टंट()चं नल परत देणंही त्याच ८.० मध्ये, नोव्हेंबर २०२० ला संपलं. भाषेने हे करायला पंचवीस वर्षं घेतली, पण केलं ते योग्य केलं.

भाऊ : मग आधी डिफाइन्ड() ने विचारतो, असा कॉन्स्टंट आहे का. नसेल तर एक तास धरायचा.

ताई : बरं झालं. पण डिफाइन्ड() नसेल तर ८.० वर काय होईल तेही लक्षात ठेव. तुझा ट्राय-कॅच फक्त एक्सेप्शन पकडतो आणि इथे फेकला जातो एरर. पीएचपीत एरर हा एक्सेप्शनचा वंशज नाही, दोघं थ्रोएबलखाली शेजारी-शेजारी आहेत. तुझा कॅच त्याला बघणारही नाही.

भाऊ : लक्षात आलं. डिफाइन्ड() ठेवतो.

ताई : आणि सेटिंगच्या पानाचं मराठी भाषांतर होणार आहे. ड्रॉपडाउनच्या व्हॅल्यूऐवजी कुणी लेबल उचललं, तर ‘तास_इन_सेकंड्स’ होईल.

भाऊ : ते तर पीएचपीला चालणारच नाही, नाव देवनागरीत कसं असेल?

ताई : चालतं! पीएचपीच्या नावांमध्ये आस्कीबाहेरची अक्षरं मुळापासून चालतात. देवनागरी नावाचा कॉन्स्टंट आज लिहिलास तरी भाषा तक्रार करणार नाही. म्हणून तर ‘नाव वैध आहे का’ ही तपासणी इथे काहीच कामाची नाही. कॅपिटल करणाऱ्या फंक्शनचंही तसंच. ८.२ च्या आधी ते सर्व्हरच्या लोकेलप्रमाणे वागायचं. लोकेल तुर्की असेल तर छोट्या आयचा आपल्याला हवा असलेला मोठा आय होत नाही, कारण तुर्कीत त्या दोन अक्षरांच्या जोड्या निराळ्या आहेत. मिनिटचं नाव तिथेच फसलं.

भाऊ : ताई, तू शंका काढायला बसलीस तर एकही ओळ लिहून होणार नाही. पुण्यात बसून तुर्की लोकेलची काळजी करायची?

ताई : प्लगिन डिरेक्टरीत टाकणार आहेस ना? मग ते इस्तंबूललाही जाईल.

भाऊ : बरं, एक मुद्दा तरी माझ्या बाजूने मान. बाहेरून आलेला शब्द सरळ कॉन्स्टंट()ला देणं धोक्याचं, हे मलाही ठाऊक आहे. वर्डप्रेसमध्ये डेटाबेसचा पासवर्डसुद्धा कॉन्स्टंटच आहे. wp-config च्या फाइलीत डीबी_पासवर्ड म्हणून लिहिलेला असतो. कुणी असा शॉर्टकोड लिहिला की कॉन्स्टंटचं नाव द्या, व्हॅल्यू छापतो, तर लेख लिहू शकणारा कुणीही पासवर्ड पानावर छापून घेईल. पण माझ्या नावाला शेवट ठरलेला आहे. ‘_इन_सेकंड्स’ने संपणाऱ्या नावातून पासवर्ड कसा निघेल?

ताई : नाही निघणार. हा मुद्दा तुझा, शंभर टक्के. आणि उलट केलं असतंस तर? सुरुवात ठरलेली, शेवट बाहेरून?

भाऊ : म्हणजे ‘डीबी_’ला बाहेरचा शब्द जोडायचा. नेम आणि होस्टसाठी लिहिलेलं, आणि समोरच्याने ‘पासवर्ड’ टाकलं.

ताई : बघ. हे टेम्प्लेट इंजिनं लिहिणाऱ्यांच्या कधीच लक्षात आलंय. ट्विगमध्ये कॉन्स्टंट नावाचं फंक्शन आहे, स्मार्टीतही कॉन्स्टंट वाचता येतो. पण स्मार्टीच्या सुरक्षा-सेटिंगमध्ये तो बंद करायची कळ वेगळी दिलेली आहे आणि ट्विगच्या सँडबॉक्समध्ये कुठली फंक्शनं चालतील याची यादी आपण द्यायची असते. परक्या माणसाला टेम्प्लेट लिहायला दिलं की कॉन्स्टंटही त्याच्या हातात जातात, हे गृहीत धरूनच त्या सोयी केल्यात.

भाऊ : म्हणजे तुझं म्हणणं, कॉन्स्टंट() वापरूच नये.

ताई : मी तसं म्हटलेलं नाही. दुसऱ्या सर्व्हरला कॉल करणारं तुझं ते कर्लचं काम दाखव.

भाऊ : ते तुला आवडणार नाही. तिथे सगळंच बाहेरून येतं. यामल फाइलीत कर्लच्या ऑप्शनांची नावं आहेत, पुढे व्हॅल्यू. मी फाइल वाचतो, प्रत्येक नाव कॉन्स्टंट()ला देतो आणि कर्लला पुरवतो.

ताई : नावं पूर्ण लिहिली आहेस की तुकड्यांत?

भाऊ : पूर्ण. कर्लऑप्ट_टाइमआउट, असं.

ताई : मग माझी तक्रार नाही. उलट हेच बरोबर आहे. कर्लऑप्ट_टाइमआउटची व्हॅल्यू १३ आहे. फाइलीत कुणी १३ लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? नाव लिहिलंय, तेही अख्खं, म्हणून शोधल्यावर यामल फाइलीतही सापडतं. सिम्फनीने तर यामलमध्ये पीएचपीचा कॉन्स्टंट लिहायला वेगळा टॅगच ठेवलाय.

भाऊ : म्हणजे नाव उशिरा कळलं तर चालेल, पण ते जोडलेलं नको.

ताई : हो. माझा राग कॉन्स्टंट()वर कधीच नव्हता. नाव कुठेतरी एका जागी अख्खं लिहिलेलं असलं पाहिजे. कोडमध्ये असो, फाइलीत असो. तुकडे जोडून तयार झालेलं नाव कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून ते शोधता येत नाही, बदलता येत नाही आणि त्याच्यासाठी कुणी जबाबदारही नसतं.

भाऊ : पण भाषाच त्या दिशेने चाललीय. व्हेरिएबलचं नाव व्हेरिएबलमधून घेता येतं, मेथडचं घेता येतं, प्रॉपर्टीचं घेता येतं, स्टॅटिक प्रॉपर्टीचंही. फक्त क्लासचा कॉन्स्टंट राहिला होता. ८.३ ने तोही दिला. दोन कोलननंतर महिरपी कंसात नाव.

ताई : महिरपी कंस का घालावे लागले, ठाऊक आहे?

भाऊ : कारण दोन कोलननंतर नुसतं डॉलरचं चिन्ह आलं की ती स्टॅटिक प्रॉपर्टी. ती जागा आधीच गेलेली.

ताई : बरोबर. ८.३ ची ती सोय मला आवडते, पण तुझ्या कारणासाठी नाही. कॉन्स्टंट()ला क्लासचं नाव स्ट्रिंगमध्ये द्यावं लागतं. तिथे तुझा चालू नेमस्पेस लागू होत नाही, वर युझने घेतलेलं टोपणनावही नाही. पूर्ण नाव लिहायचं आणि क्लासचं नाव बदललं की ती स्ट्रिंग हाताने शोधायची. नव्या पद्धतीत दोन कोलनच्या डावीकडचा क्लास हा खरा कोड असतो. एडिटरला तो दिसतो, नाव बदलताना तोही बदलतो. अंधारात राहतो तो फक्त उजवीकडचा भाग. अर्धं तरी उजेडात आलं.

भाऊ : मग एनमचं काय? ८.१ मध्ये एनम आले. पेमेंटची स्थिती मी एनममध्ये ठेवली आणि डेटाबेसमध्ये त्या केसचं नाव. वाचताना नावावरून केस परत मिळवायला तयार फंक्शन नाही, म्हणून महिरपी कंस.

ताई : तयार फंक्शन व्हॅल्यूवरून आहे. एनमच्या प्रत्येक केसला स्ट्रिंग किंवा पूर्णांक दे, मग ट्रायफ्रॉम आहेच. सापडलं तर केस, नाही तर नल. फ्रॉम वापरलंस तर एरर. तू निवडायचंस.

भाऊ : पण नाव आणि व्हॅल्यू दोन्ही सारखंच लिहायचं, ही पुनरुक्ती नाही का?

ताई : आज सारखी आहेत. उद्या तुला ‘पेंडिंग’चं ‘अवेटिंगबँक’ करावंसं वाटलं तर? नाव डेटाबेसमध्ये गेलेलं असेल, तर कोडमधला एक शब्द बदलायला लाखो ओळींचा डेटा बदलावा लागेल. व्हॅल्यू वेगळी ठेवलीस तर डेटाबेसला पत्ताही लागणार नाही. कोडमधली नावं आपल्या सोयीची असतात, ती बदलायची मोकळीक आपल्याकडे राहिली पाहिजे. डेटात घातलं की ती मोकळीक गेली.

भाऊ या मुद्द्यावर थोडा वेळ गप्प बसला, असं मी धरतो. कारण हा मुद्दा पहिल्यांदा ऐकला की पचायला वेळ लागतो. आपण नाव वाचलं एवढंच वाटत असतं. प्रत्यक्षात आपण कोडचं अंतरंग डेटाबेसच्या हवाली केलेलं असतं.

भाऊ : एनमचं पटलं. पण वर्डप्रेसच्या त्या सहा कॉन्स्टंटसाठी तू मला अजूनही स्विच लिहायला लावणार?

ताई : स्विच नको. एक अ‍ॅरे. डावीकडे सेटिंगमधला शब्द, उजवीकडे कॉन्स्टंटचं पूर्ण नाव. शब्द अ‍ॅरेत नसेल तर एक तास. डिफाइन्ड() नको, कॅपिटल करणं नको, तुर्की लोकेल नको. लिही, मी थांबते.

भाऊ : मिनिट, तास, दिवस, आठवडा... महिना. ताई, मंथ_इन_सेकंड्स किती?

ताई : २५,९२,०००. तीस दिवस.

भाऊ : आणि वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे कुणी बारा महिने निवडले तर ३६० दिवस होतील, एक वर्ष निवडलं तर ३६५. पाच दिवसांचा फरक.

ताई : कॅशेसाठी फरक पडत नाही. पण हाच कोड तू सदस्यत्वाच्या मुदतीसाठीही वापरणार आहेस ना?

भाऊ : तिथे फरक पडेल. बारा महिन्यांचे पैसे भरणाऱ्याचं सदस्यत्व पाच दिवस आधी संपेल. तिथे सेकंद मोजून चालणार नाही, डेटटाइमने तारीखच पुढे न्यावी लागेल.

ताई : आणि हे तुला आत्ता का दिसलं?

भाऊ : कारण नाव लिहायला हात थांबला. जोडलेल्या नावात ‘महिना’ हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर कधी आलाच नव्हता. ठीक आहे, अ‍ॅरे राहू दे. सदस्यत्वाच्या यादीतून महिना आणि वर्ष काढतो, त्यांचं वेगळं बघतो.

ताई : आता ती कर्लची यामल फाइल. ती कोण बदलतं?

भाऊ : सध्या मीच. पण त्या लोकांना पुढे ती सेटिंगच्या पानावरून बदलता यायला हवी आहे. त्यासाठी नाव ‘कर्लऑप्ट_’ने सुरू होतंय का ते तपासतो. मग पासवर्ड वगैरे कुणी मागू शकणार नाही.

ताई : पासवर्ड नाही मिळणार. पण ‘कर्लऑप्ट_’ने सुरू होणारं कर्लऑप्ट_एसएसएल_व्हेरिफायपीअरही आहे. एखाद्या दिवशी सर्टिफिकेटचा एरर आला, कुणीतरी नेटवर वाचून ते फॉल्स केलं, तर समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही याची तपासणीच बंद. पेमेंटचे कॉल त्याच रस्त्याने जातात.

भाऊ : म्हणजे इथेही यादी?

ताई : फाइल फक्त आपल्या हातात असेल आणि गिटमध्ये असेल, तर यादी नको. कुणी काय बदललं ते दिसतं, कुणीतरी तपासतं. सेटिंगच्या पानावर आली, की यादी हवी.

भाऊ : इथे मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. कर्लच्या ऑप्शनांची यादी मोठी आहे. प्रत्येक वेळी त्यांना नवा ऑप्शन लागला की माझ्याकडे फोन येणार. टाइमआउट आणि प्रॉक्सी यांच्यासाठी मी त्यांना अडवून का ठेवू? त्यापेक्षा धोक्याचे चार-पाच ऑप्शन वगळतो, बाकी मोकळे.

ताई : वगळायचे कोणते हे आज तुला ठाऊक आहे. कर्लच्या पुढच्या आवृत्तीत जो नवा येईल, तो कुठल्या बाजूला जाईल?

भाऊ : मोकळ्या बाजूला.

ताई : आणि माझ्या यादीत?

भाऊ : बंद बाजूला. पण मग फोन येईल.

ताई : येऊ दे. फोन आला की निदान कुणीतरी त्या नावाकडे एकदा बघेल.

भाऊ : मी आधी टाइमआउट, प्रॉक्सी आणि युजरएजंट या तिघांची यादी टाकतो आणि महिनाभर किती फोन येतात ते बघतो. जास्त आले तर आपण हा वाद परत घालू.